पाच नंबरची गटखोली

चिठ्ठी पिवळी निघाली तेव्हा तोर्गुनला मनातून बरंच वाटलं. पांढरी चिठ्ठी म्हणजे विद्यापीठात येऊन वर्गात बसायचं, पिवळी म्हणजे घरी बसून पडद्यावरून हजेरी लावायची. शुक्रवारचा दिवस, एप्रिल संपत आलेला, रस्त्यावर नुसता बर्फाचा रेंदा. घरी लोकरीचे मोजे घालून बसता येईल, कान तिकडे ठेवून हात इकडची कामं उरकतील, असा तिचा हिशेब होता.

तोर्गुन आइदिस्सेन सत्तावन्न वर्षांची. आधी वॉर्डातली नर्स, मग एकवीस वर्षं नर्सिंगची अध्यापिका. आणि आता या बाईला शिकवायचं कसं हे शिकायला बसवलं होतं. अर्धे वर्गात आणि अर्धे पडद्यावर असले की कसं शिकवायचं, याचं आठ शुक्रवारांचं प्रशिक्षण सगळ्या अध्यापकांना सक्तीचं होतं. ते घेणारा एस्किल तिशी नुकती ओलांडलेला, सदा हसतमुख, शब्दांचा मोठा शौकीन. "आज आपण सगळे विद्यार्थी!" असं त्यानं मागच्या शुक्रवारी जाहीर केलं, तेव्हा शरीरशास्त्राचा हालवार तिच्या कानाशी पुटपुटला होता, "चला, म्हणजे आज मागच्या बाकावर झोपायला हरकत नाही."

एका कामाची मात्र तिला टाळाटाळ करता येत नव्हती. तक्रार समितीला दुपारी तीनच्या आत तिचं म्हणणं हवं होतं. तक्रार होती आस्लाउग मिक्कोला हिची.

आस्लाउग छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, पार उत्तरेकडच्या बोत्सफ्योर्दला वृद्धाश्रमात मदतनीस. त्या वृद्धाश्रमाला दोन वर्षांत कायमची नर्स मिळाली नव्हती. दर सहा आठवड्यांनी कुणीतरी नवी यायची, म्हाताऱ्यांची नावं पाठ होईतो निघून जायची. आस्लाउग पास झाली की ती जागा तिची, हे तिकडे ठरल्यात जमा होतं. पण नीतिशास्त्राच्या चारही चर्चासत्रांत भाग घेतल्याशिवाय मे महिन्यातल्या परीक्षेला बसता येत नसे, आणि सहा मार्चच्या सत्रापुढे तोर्गुननं लिहिलं होतं, 'सहभाग नाही.' परीक्षा हुकली की वर्ष गेलं.

तक्रारीत आस्लाउगनं चारच ओळी लिहिल्या होत्या. 'मी पडद्यावर पाच नंबरच्या गटखोलीत बावन्न मिनिटं एकटी होते. माझ्या गटातल्या दोघी त्या दिवशी शहरात आल्या होत्या, त्या वर्गात बसल्या. मी मदतीचं बटण दोनदा दाबलं. मला वाटलं, तुला माहीत असेल.'

"अगं, मग बाहेर यायचं ना!" तोर्गुन कागदाला उद्देशून मोठ्यांदा म्हणाली होती. "छत्तीस वर्षांची बाई. तोंड नाही का तुला?" तिचं उत्तर दोन वाक्यांत तयार होतं. विद्यार्थिनी पडद्यावर हजर होती, पण चर्चेत बोलली नाही. नियमानुसार सहभाग मान्य करता येत नाही.

नऊला प्रशिक्षण सुरू झालं. दहाला एस्किलनं गट पाडले. "अर्धा तास हं मंडळी! गट तीन, तोर्गुन आणि हालवार. भांडू नका." पडदा लुकलुकला आणि तोर्गुन तीन नंबरच्या गटखोलीत येऊन पडली. पडद्यावर तिचाच चेहरा, दुसरं कुणी नाही. हालवारलाही पिवळीच चिठ्ठी आली होती. आता येईल, नंतर येईल, म्हणून तिनं कॉफी ओतून घेतली. पाच मिनिटं गेली. तिनं आस्लाउगबद्दलच्या आपल्या उत्तरात एक स्वल्पविराम दुरुस्त केला. दहा मिनिटं गेली. मग तिनं मदतीचं बटण दाबलं. 'यजमानाला कळवले आहे,' अशी अक्षरं आली, आणि गेली.

बाहेर पडायचं बटण खाली कोपऱ्यात लालभडक दिसत होतं. तोर्गुनचा हात दोनदा तिकडे गेला. पण आपण बाहेर पडायला आणि एस्किल आत यायला एकच गाठ पडली तर? सगळ्यांसमोर, 'काय तोर्गुन, हरवलीस का?' तिनं हात मागे घेतला. मग केस नीट केले. उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटलं, पण तेवढ्यात कुणी आलं तर रिकामी खुर्ची दिसेल, म्हणून ती ताठ बसून राहिली. विसाव्या मिनिटाला ती "हॅलो" म्हणाली, आणि स्वतःच्याच घरात स्वतःचा आवाज ऐकून तिला कानकोंडं झालं. आपलं काही चुकलंय का, चुकीचं बटण दाबलं का, सूचना नीट ऐकली नाही का? वॉर्डात मरणाऱ्या माणसाचा हात धरून रात्री काढलेली ही बाई एका रिकाम्या चौकोनासमोर शाळकरी पोरीगत घाबरली होती.

सदतिसाव्या मिनिटाला पडदा पुन्हा लुकलुकला. "या या, सगळे परत!" एस्किल म्हणाला. "गट तीन, काय ठरलं?"

आणि वर्गातून, कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीतून, हालवार बोलला. घरचं इंटरनेट सकाळीच बंद पडलं म्हणून तो विद्यापीठात आला होता आणि शेजारच्या गटात बसून त्यानं चर्चा झोडली होती. तो छान बोलला. दोन मुद्दे मांडले, एक विनोदही केला.

"वा! तोर्गुन, तुला काही भर घालायची?"

तोंड होतं. आवाज चालू होता. बारा माणसं बघत होती.

"नाही," तोर्गुन म्हणाली. "हालवार म्हणाला तेच."

जेवणाच्या सुट्टीत तिला ब्राऊन चीजचा पाव गिळवेना. सहा मार्च तिला आता लख्ख आठवत होता. वर्गात बावीस जण, पडद्यावर अकरा. त्या दोघी मुली ओले बूट काढत आत आल्या, तेव्हा तिनंच त्यांना खिडकीजवळच्या गटात बसवलं. 'या, या, इथे जागा आहे.' आणि पाच नंबरची खोली तिच्या डोक्यातून साफ गेली. शेवटी तिनं विचारलंही होतं, "आस्लाउग, तुला काही म्हणायचंय?" आस्लाउग म्हणाली होती, "नाही."

दुपारी प्रत्येकानं एक टिपण लिहून गटाला वाचायला द्यायचं होतं. 'माझ्या शिकवण्यातली एक चूक.' इतर वेळी तिनं चार गुळमुळीत वाक्यांत ते उरकलं असतं. आज बोटं थांबेनात. आपली सदतीस मिनिटं लिहिली, तिची बावन्न मिनिटं लिहिली. आस्लाउगचं नाव तेवढं टाळलं. 'ती गप्प बसली नव्हती,' असं लिहिलं, 'मी तिला एका खोलीत ठेवून दार ओढून घेतलं होतं, आणि नंतर ती बोलली नाही म्हणून तिला शिक्षा केली.' दोन वाजून बारा मिनिटांनी तिनं ते पाठवलं.

पडद्यावर बदाम उमटायला लागले. हालवारनं लिहिलं, 'तोर्गुन, मेलो मी लाजेनं. माफ कर.' एस्किलनं तर तिला फोनच केला.

"तोर्गुन, अगं काय लिहिलंयस! अंगावर काटा आला. पुढच्या वर्षीच्या लोकांना नमुना म्हणून विद्यापीठाच्या पानावर ठेवू का?"

तिला मदतीचं बटण आठवलं. सकाळी आपण दाबलेलं. त्याबद्दल एस्किलच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

"ठेव की."

"नाव काढू, की राहू दे?"

गुणवंत अध्यापकाच्या किताबासाठी तिचा अर्ज गेला होता. बारा दिवसांनी निवड समिती बसणार होती. "राहू दे," तोर्गुन म्हणाली. मग घुटमळत म्हणाली, "एस्किल, हेच टिपण मी तक्रार समितीला पाठवलं तर? ती मुलगी खरीच आहे. तिचं उत्तर तीनच्या आत द्यायचंय."

"अगं, नको. हे आपलं आपल्यातलं शिकणं आहे ना. तिकडे कागद होतात. तुझ्या नावावर लेखी चूक बसायची, आणि तीही आत्ता. तिकडे फक्त काय घडलं तेवढं लिही."

"काय घडलं?"

"म्हणजे... ती बोलली की नाही बोलली. एवढंच."

पावणेतीनला तिनं नवीन पान उघडलं. 'पाच नंबरचा गट मी विसरले,' असं लिहिलं. पाच शब्द. त्यांच्याकडे ती बघत राहिली. किताब मिळाल्यानं पगार फार वाढणार नव्हता. पण एकवीस वर्षांत कुणी तिला चांगली म्हटलं नव्हतं, आणि तिला ते हवं होतं, लहान पोरासारखं हवं होतं. आस्लाउग काय, पुढच्या वर्षी बसेल. जिद्दीची आहे. तोर्गुननं पाच शब्द खोडले. तिला स्वतःची शरम वाटत होती, आणि तशी वाटत असतानाच तिनं तीनला चार मिनिटं कमी असताना जुनी दोन वाक्यं पाठवून दिली. एकही शब्द खोटा नव्हता.

आस्लाउगची तक्रार फेटाळली गेली. जूनमध्ये तोर्गुनला किताब मिळाला. सायीचा केक आला, फुलं आली. "आता तुझ्याकडे मान वर करून बघायला हवं," हालवार म्हणाला. केक तिला गोड लागला, हेही सांगून टाकायला हवं.

ऑगस्टच्या शेवटी नवा वर्ग भरला. आता तोर्गुन कुणालाही विसरत नव्हती. पडद्यावरच्या एकेकाला नावानं हाक मारी, दर दहा मिनिटांनी प्रत्येक गटखोलीत डोकावून येई. यादीत सातवं नाव होतं आस्लाउग मिक्कोला. तिनं त्याही नावाला हाक मारली.

"आहे," आस्लाउग म्हणाली. ती वृद्धाश्रमाच्या चादरींच्या कोठारात बसली होती, मागे पांढऱ्या घड्यांच्या थप्प्या. सत्रात ती चांगली बोलली.

सत्र संपल्यावर एकेक चौकोन विझला. वर्ग रिकामा झाला. आस्लाउग तेवढी राहिली.

"तोर्गुन, दोन मिनिटं आहेत का?"

"आहेत की. बोल ना."

"तुझं टिपण वाचलं मी. विद्यापीठाच्या पानावर आहे ते. खूप चांगलं लिहिलंयस." तिचा स्वर साधा होता, आवाज जराही चढला नव्हता. "वाचताना रडले मी. मला वाटत होतं, माझंच काही चुकलं असेल. उन्हाळाभर तेच वाटत होतं."

"आस्लाउग..."

"त्याच्यावर तारीख आहे, वेळ आहे. दोन वाजून बारा मिनिटं. समितीनं मला तुझं उत्तर पाठवलं, त्याच्यावरही वेळ आहे. दोन छप्पन्न." तिनं दोन कागद कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी धरले. "मी भांडायला नाही आले. मला फक्त विचारायचं होतं, मधल्या वेळात काय झालं?"

तोर्गुननं तोंड उघडलं. समोर चादरींच्या थप्प्या होत्या, दोन कागद होते आणि वाट बघणारा एक चेहरा होता. कुठेतरी घंटी वाजली, कुणा म्हाताऱ्याची असेल. आस्लाउगनं तिकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

"तोर्गुन?" ती जरा पुढे वाकली. "तुझा आवाज येत नाहीये गं. माइक बंद आहे का बघ."

तोर्गुननं बघितलं. माइक चालू होता.