गुलछडीचा उपास

सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजात आणि तिथल्या दवाखान्यात डॉ. सुनीतीबाईंच्या रागाला सगळे टरकून असत. बाई निवृत्त झाल्या, राग काही झाला नाही. त्या सकाळी कसबा पेठेतल्या घरी त्यांचा जुना विद्यार्थी पुष्कर याने एक फाइल पाठवली. पांढरी घोडी, रक्ताच्या तीन तपासण्या झाल्या, लिव्हर कामातून गेलेलं, इंजेक्शन देऊन सोडवायची आहे. वरिष्ठ म्हणून आपली सही हवी. बाईंनी फाइल आपटली. "कागदाला शेपूट नसतं," त्या म्हणाल्या आणि रिक्षा करून थेट मार्केट यार्डामागच्या शेडवर पोचल्या.

घोडी मच्छिंद्रची. त्याचा बाप स्वारगेटला टांगा हाकायचा. टांगे गेले तसा मच्छिंद्र वरातीच्या धंद्यात शिरला. आता नवरदेव हिंजवडीतल्या कंपन्यांमधले, आणि लग्नं इव्हेंटवाल्यांच्या हातात. त्यातल्याच एकाने फर्मान काढलं, लॉनवर घोडी आणायची तर तिचं फिटनेस सर्टिफिकेट लागेल. झालं! ठणठणीत घोडी एका सर्टिफिकेटापायी पुष्करच्या काचेच्या दवाखान्यात गेली आणि कावीळ घेऊन परत आली. रक्तात बिलिरुबिन वाढलंय, असं मशीन म्हणालं होतं.

शेडमध्ये गुलछडी मान टाकून उभी होती. बरगड्या वर आलेल्या, हिरड्या पिवळट, आणि तोंडाला मुसकं बांधलेलं. पलीकडे यार्डात गाजरांचे ट्रक रिकामे होत होते. वास आला की ती नाकपुड्या फुलवून तिकडे बघायची.

"मुसकं कशाला?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर येणार हायेत, शेवटचं रगत घ्यायला." मच्छिंद्र जरा अभिमानानेच बोलला. "काल दुपारधरनं काडी दिली न्हाई बघा. उपाशीपोटीच तपासायचं असतंय ना. दर खेपेला आसंच करतोय. एरवी पण खुराक बंद, वैरण निम्मी. लिव्हरला ताण नको म्हणाले."

बाईंची कानशिलं तापली. घोडा उपाशी राहिला की बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा तो पिवळा रंग, त्याच्या रक्तात आपोआप चढतो. लिव्हर कितीही धडधाकट असो. हे त्यांनी वर्षानुवर्षं वर्गात घसा फोडून सांगितलं होतं. पुष्करलाही सांगितलं होतं. तो पहिल्या बाकावर बसून माना डोलवायचा. इथे उपास घडवून कावीळ काढली, काविळीसाठी खाणं तोडलं, आणि खाणं तोडल्यावर कावीळ आणखी वाढली म्हणून आता जीव घ्यायला निघाले होते!

"मग फाइलमधल्या तीन रिपोर्टांतला मधला चांगला कसा आला?"

"औषध लागू पडलं व्हतं," मच्छिंद्र म्हणाला.

"औषध न्हाई." हे त्याच्या बायकोने, चंपाने, मागून म्हटलं. हातातली बादली तिने खाली ठेवली. "मी चारलं व्हतं तिला."

मच्छिंद्र गर्रकन वळला. "तू? मी बजावलं व्हतं ना तुला?"

"रातभर टापा आपटत व्हती ती. तू कानावर गोधडी घेतलीस. मी उठले, मुसकं काढलं न् पोटभर चारलं. तुझ्या भ्यानं बोलले न्हाई. मंग वाटलं, माझ्यामुळंच तपासणी बिघडायची. म्हनून पुढच्या खेपेला मी बी उठले न्हाई. तशीच पडून ऱ्हायले, टापा ऐकत."

तेवढ्यात पुष्करची गाडी दाराशी लागली. सुया-बाटल्यांची पेटी घेऊन तो हसतमुखाने आत आला. "अरे वा, मॅडम, आपण स्वतः?"

"या घोडीला उपाशी ठेवायला कुणी सांगितलं?"

"बारा तास फास्टिंग, मॅडम. स्टँडर्ड प्रोटोकॉल आहे."

"कुणासाठी?"

तो चाचरला. "आमच्याकडे मोस्टली डॉग्ज येतात. सॉफ्टवेअरमध्ये डॉग आणि कॅट आहे. बाकीचं 'अदर'मध्ये टाकतो."

"अदर!" बाई कडाडल्या. "तपासताना अदर, आणि मारताना मात्र घोडी? अरे, तू शिकलास तरी काय? मशीन काय छापतं ते वाचायला? ते कुणीही वाचेल! तिच्या पोटात अन्न आहे का, एवढं एक विचारायचं होतंस, गाढवा!"

पुष्करने मच्छिंद्रकडे पाहिलं, जणू त्याने तरी बाजू घ्यावी. मच्छिंद्र मुसक्याकडे बघत होता. बाईंनी स्वतःच पुढे होऊन गाठ सोडली आणि ते मुसकं पुष्करच्या पेटीवर फेकलं.

"आज नुसती वैरण. थोडी थोडी, पण दिवसभर," त्यांनी चंपाला सांगितलं. "एकदम ढीग घातलास तर पोट दुखेल."

चार दिवसांनी बाईंनी खात्यापित्या गुलछडीचं रक्त त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत तपासून घेतलं. लिव्हर ठणठणीत होतं. रिपोर्ट द्यायला त्या पुन्हा शेडवर गेल्या. मच्छिंद्रने तो कपाळाला लावला. चंपाने हातही लावला नाही.

"आजारीच नव्हती म्हना की," ती म्हणाली.

"नव्हती."

मच्छिंद्रने हिरव्या गवताची पेंढी सोडून गुलछडीपुढे टाकली. ती अधाशासारखी तुटून पडली. दोन काड्या बाजूला सांडल्या, त्या पुढे सारायला तो वाकला. त्याचा हात गवताकडे येताना दिसला मात्र, घोडीने न चावताच तोंड गच्च भरून घेतलं आणि झटकन मागे सरली. कोपऱ्यात भिंतीला टेकून, त्याच्या हातावरची नजर न काढता, ती घाईघाईने गिळू लागली.

मच्छिंद्र तसाच वाकलेला राहिला. बाईंना कुणावर तरी ओरडायचं होतं, पण ओरडण्याजोगं तिथे कुणी उरलं नव्हतं. चंपाने नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं, म्हणजे घोडीला खाता येईल.