बारावं नाव

डोंगरावरच्या शाळेत मबारका एकोणतीस वर्षं मुलांचं जेवण रांधत होती. सुरुवातीला एकशे चाळीस पोरांच्या कुसकुसचं भांडं दोघी मिळून उतरवायच्या. शाळा दोन पाळ्यांत भरायची, तरी बाकावर तिघं-तिघं दाटीनं बसायची. मग गावातले बाप एकेक करून ट्युनिसला कामाला गेले, मागोमाग बिऱ्हाडं हलली, आणि आता सगळं एका पातेल्यात उरकत होतं. पटावर अकरा नावं होती. बारा लागत होती. सोमवारी साहेब पट तपासायला येणार होते, आणि एक जरी कमी भरलं तरी शाळेला कुलूप.

शनिवारी नासर मास्तर स्वयंपाकघरात आले ते हसतच.

"मबारका खाला, बारावी सापडली. रबाहची गझाला."

"तिचा जन्मदाखला कुठाय? बर्फात वाट बंद होती म्हणून नोंदवायची राहिली, ती राहिलीच."

"थोरलीचा आहे ना, सालहाचा. ती गोवरानं गेली, ते कुणी कळवलंय कुठं? पटावर सालहा लिहायचं, घरी गझाला म्हणायचं. वयात तीन वर्षांचा तर फरक. आपल्याकडं हे काय नवीन आहे?"

नवीन कसलं! गेलेल्या लेकराचा कागद मागून आलेल्याला द्यायचा. कचेरीची खेप वाचते, आणि गेलेलं लेकरू पुरतं गेलं असंही वाटत नाही. गावात अशी पाच-सहा माणसं होती, त्यांतली एक खुद्द मबारका. हे नाव तिनं कधीच न पाहिलेल्या थोरल्या बहिणीचं. आई तिला दहबीया म्हणायची. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

दुपारी रबाह दाखला घेऊन आली. पदराआडून सहा वर्षांची गझाला डोकावत होती. मास्तरांनी पट उघडला.

"थांबा," मबारका म्हणाली. "रबाह, माझं लग्न कितव्या वर्षी झालं, ठाऊक आहे?"

"सतराव्या. कायद्याप्रमाणं."

"सतरा कागदाला झाली होती. मला चौदा. लग्नाची नोंद करणाऱ्यानं कागद नीट वाचला, माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. बहिणीची तीन वर्षं माझ्या अंगावर चढली, ती कधी उतरलीच नाहीत."

रबाहनं दाखला छातीशी धरला. "पण शाळाच गेली तर पोरगी शिकणार कुठं? खालची शाळा बारा किलोमीटर."

"आणि तुमची नोकरी?" मास्तरांचा आवाज चढला. "एका पोरीपायी अकरा जणांची शाळा घालवता?"

त्यांचं चुकत नव्हतं, आणि तेच तिला लागलं. या शाळेवर तिचा जीव होता. सहीपुरतं लिहायला ती इथंच शिकली होती. "घालवते," ती म्हणाली, "पण पोरीला तिच्या नावानं जगू दे. वेळ लागला तरी तिची नोंद कोर्टातून करून घेऊ, साक्षीला मी येईन."

रबाहनं दाखल्याची घडी घालून तो पदराला बांधला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

सोमवारी साहेबांनी अकरा मोजले. महिनाअखेर दाराला कुलूप लागलं आणि पोरं पिकअपच्या हौद्यातून खालच्या शाळेत जाऊ लागली. पिकअप सुटली की मबारका घरात जाऊन बसायची.

गझालाच्या नोंदीचं काम कोर्टात उभं राहिलं, तेव्हा न्यायाधीशांनी साक्षीदाराला विचारलं, "नाव? वय?"

खरं सांगितलं असतं, तर साक्ष तिथंच बाद झाली असती. "मबारका," ती म्हणाली, आणि कागदावरचं वय सांगितलं. गझालाचा जन्म आपल्या हातांवर झाला, हे तिनं शपथेवर सांगितलं. ते खरं होतं.

बाहेर कारकुनानं नवा दाखला गझालाच्या हातात दिला. चार दिवस खालच्या शाळेत मागे बसून तिनं तेवढी अक्षरं शिकून घेतली होती. त्यांवर बोट फिरवत तिनं आपलं नाव वाचलं. "आता तुम्ही तुमचं लिहा, खाला," ती म्हणाली.

कारकुनानं साक्षीदाराच्या सहीसाठी वही पुढं केली. मबारकानं पेन घेतलं आणि वळणदार अक्षरांत बहिणीचं नाव लिहिलं. आपलं तिला लिहिता येत नव्हतं. शाळेनं ते कधी शिकवलंच नव्हतं.