हिला थांबायला कोणी सांगितलं?

मशीनमधून आधी एक हात बाहेर आला. मग तो हात ज्यावर ठेवला होता ते पोट, आणि पोटावर ताणून बसलेला पिवळा स्वेटर. छापखानेवाले पलीकडच्या टेबलावर एका तयार फ्लेक्सच्या कोपऱ्याला रिंग ठोकत होते. उगारलेली हातोडी त्यांनी हळूच खाली ठेवली.

फाइल उलटी पाठवलेली होती, त्यामुळे चित्र खालून वर छापलं जात होतं. पण चेहरा येईपर्यंत वाट पाहायची त्यांना गरज नव्हती. तो स्वेटर त्यांच्या बायकोने विणला होता आणि तो फोटो त्यांनी स्वतः गच्चीवर काढला होता. मशीन बंद करायचं बटण हाताशीच होतं. ते त्यांनी दाबलं नाही. मशीन आपल्या लयीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिलं. खांदे आले, हनुवटी आली, पुढचे दोन दात जरा जास्तच पुढे असलेलं ते हसू आलं. सगळ्यात शेवटी, डोक्याच्याही वर, अक्षरं आली : ‘हिला बाळ हवं होतं.’

चूक त्यांचीच होती. आलेली फाइल उघडून बघायची नाही, तशीच मशीनला लावायची, असा नियम त्यांनी त्या वर्षी करून घेतला होता. तो केला नसता तर धंदाच गुंडाळावा लागला असता. गर्भपाताच्या कायद्यावर मतदान व्हायचं होतं. एक बाजू म्हणे कायदा बदला, दुसरी म्हणे कायदा राखा. लोकांनी त्यांची नावं ‘बदलवाले’ आणि ‘राखवाले’ अशी पाडून टाकली होती. एवढ्या रुंदीचं छापणारं मशीन शहरात एकच, त्यामुळे दोघांनाही याच दाराशी यावं लागे. एकाला ‘हक्क’ मोठा हवा असे, दुसऱ्याला ‘जीव’ मोठा हवा असे. लहान अक्षरात त्या दिवसांत कोणी बोलतच नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत, बसच्या रांगेत, टीव्हीवर, जो तो तावातावाने भांडत होता, आणि भांडून झालं की घरी जाऊन पोटभर जेवून झोपत होता.

छापखानेवाल्यांच्या नशिबी ती चैन नव्हती. त्यांना एकच मुलगी. चांगली ताडमाड उंच, म्हणून घरात तिला ‘बुटकी’ म्हणत. पाचव्या महिन्यातच तिच्या गर्भाभोवतालचं पाणी गेलं. बाळ जगणार नाही हे डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत कळलं होतं. पण बाळाचे ठोके चालू होते. ठोके चालू असेपर्यंत, आईच्या जिवाला धोका आहे असं तीन डॉक्टरांनी मिळून लिहून दिल्याशिवाय कायदा कोणाला काही करू देत नव्हता. ते तिघं एका जागी येईपर्यंत विष तिच्या अंगभर पसरलं. आधी बाळाचे ठोके थांबले आणि पाठोपाठ तीही गेली.

बदलवाले सांत्वनाला आले, ते मग येतच राहिले. माणसं वाईट नव्हती. त्यांच्यातल्या वकीलबाई तर बायकोचा हात धरून तासभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी फोटो मागितला आणि तो बघून म्हणाल्या, “पोट नको दिसायला, काका. लोकांचा गोंधळ उडतो.” छापखानेवाल्यांनी फोटो खांद्यापासून कापला. खालची ओळ मात्र त्यांची स्वतःची होती : ‘हिला थांबायला कोणी सांगितलं?’ जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर छापलेल्या माणसाने लिहिलेली ती पहिली ओळ, आणि ती अशी काही लागू पडली की बदलवाल्यांचा सगळा प्रचार तिच्यावर उभा राहिला. सभेत त्यांना माइकसमोर उभं करत. ते एवढंच विचारत, आणि सारं मैदान एका आवाजात उत्तर देई, “कायद्याने!” पहिला फ्लेक्स त्यांनी समोरच्या इमारतीवर स्वतः शिडी लावून टांगला होता, अगदी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. लेक डोळ्यांपुढे राहील, एवढाच त्यात हेतू. बायकोने त्या दिवसापासून ती खिडकी लावून घेतली. दुःख ज्याचं त्याचं, म्हणून त्यांनीही कधी विषय काढला नाही.

दारात सावली पडली. राखवाल्यांचा कोणीतरी माल न्यायला येणार होता. आला तो जावई.

बुटकी गेल्यापासून तो या घराची पायरी चढला नव्हता. पूर्वी आला की आधी मशीनपाशी जायचा, शाई अंगाला लावून घ्यायचा आणि बुटकीच्या शिव्या खायचा. आता तो दारातच उभा राहिला आणि टेबलावर पसरलेल्या फ्लेक्सकडे न बघता म्हणाला, “झालं का?”

“रिंगा राहिल्यात.” छापखानेवाल्यांनी हातोडी उचलली. “फोटो तुम्ही दिलात त्यांना?”

लग्नापासून ज्याला ते अरेतुरे करत आले, त्याने हे ‘तुम्ही’ ऐकून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

“मीच दिला.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली.” तो म्हणाला. “पण बाबा, तुमच्या फ्लेक्सवर ती एकटी आहे. तशी ती नव्हती.”

“ज्यांच्यापायी ती गेली, त्यांच्याच हातात दिलंत तिला.”

“आणि तुम्ही तिला अर्धी कापलीत.”

आवाज कोणाचाच चढला नव्हता. छापखानेवाल्यांनी रिंगेवर घाव घातला तो नेमका वाकडा बसला. रिंग चेपली, ती उचकटून त्यांनी दुसरी घेतली. अंगाचा नुसता संताप झाला होता, पण फ्लेक्स अकरा फुटी होता आणि अकरा फुटी फ्लेक्स एकट्याने गुंडाळता येत नाही. चारही कोपरे झाल्यावर त्यांनी मानेनेच दुसऱ्या टोकाकडे खूण केली. जावयाने ते टोक धरलं. शाई आत ठेवून, चेहऱ्यावर मोड पडणार नाही अशा बेताने, दोघं गुंडाळू लागले.

“बाळ हवं होतं हे मी कधी नाकारलं?” गुंडाळता गुंडाळता छापखानेवाले म्हणाले. “मला काय आजोबा व्हायचं नव्हतं? पण इस्पितळाने तिला ताटकळत ठेवली की नाही, एवढं सांगा.”

“ठेवली. सकाळी.”

“सकाळी म्हणजे?”

जावयाचे हात थांबले.

“आदल्या संध्याकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. तिघंही डॉक्टर तेव्हा तिथेच होते. म्हणाल्या, बाळाचं काही खरं नाही, आत्ता सह्या होतील, उद्याचं मी सांगू शकत नाही. बुटकी आधी हो म्हणाली. मग फोनवर बोलली आणि मला म्हणाली, रात्रभर थांबते.”

“ती म्हणाली?”

“ती म्हणाली. पहाटे ताप चढला. मग हात जोडून सांगत होती, मला मोकळी करा म्हणून. तोवर एक डॉक्टर गावाला गेलेला. दुसरा म्हणे, अजून धोका दिसत नाही, ठोके चालू आहेत. दिवसभर तेच चाललं.”

“अरे, मग हे इतके दिवस बोलला का नाहीस तू?”

“कुठे बोलू? तुमच्या सभेत संध्याकाळ चालत नाही, त्यांच्या सभेत सकाळ चालत नाही.” जावई कोरडं हसला. “मी दोन्हीकडे विचारून पाहिलं, बाबा. दोघंही म्हणाले, एवढं सगळं सांगायला वेळ नसतो.”

छापखानेवाल्यांनी गुंडाळीला दोरी बांधली. गाठ नीट बसेना, ती त्यांनी सोडून पुन्हा बांधली.

“फोन कोणाला केला होता तिने?”

जावयाची नजर वरच्या घरात जाणाऱ्या जिन्याकडे गेली आणि तशीच मागे फिरली.

“मला नाही माहीत. मी बाहेर होतो.” त्याने गुंडाळी खांद्यावर घेतली. दारापर्यंत जाऊन तो वळला. “या गल्लीत हा लावायचा नाही असं मी त्यांना बजावलंय. जमलं तर समोरचा तुमचाही काढा.”

“माझी कीव करू नकोस.”

“तुमच्यासाठी नाही म्हणत, बाबा,” तो म्हणाला आणि गेला.

छापखानेवाले टेबलाशी उभे राहिले. ती संध्याकाळ त्यांना आठवत होती, पण आजवर ती साधी संध्याकाळ होती. ते जेवत होते. फोन वाजला तशी बायको हातातला डाव ठेवून आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. परत आल्यावर म्हणाली, पोरगी घाबरलीये जरा, समजूत घातली मी. त्यांनी आणखी भात मागितला होता.

जिन्यावर पावलं वाजली. बायको शेवटच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

“तो आला होता ना? आवाज ओळखला मी. जेवायला थांब म्हणालात का?”

“नाही.”

“काय म्हणत होता?”

“काही नाही.”

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना खोटं बोलायला कधी जमलं नव्हतं. बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पायरीवर बसली. बसताना गुडघ्याला हात लावला, रोज लावते तसाच.

“मला तेच माहीत होतं हो,” ती म्हणाली. “बुटकीच्या वेळी मलाही असंच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फिरतीवर होतात. डॉक्टर म्हणाले, हे टिकायचं नाही, मोकळी हो. मी ऐकलं नाही. रात्रभर पडून राहिले देवाचं नाव घेत. सकाळी सगळं सावरलं. म्हणून तर ती झाली.” तिने तळहात चोळले. “तिलाही तेच सांगितलं. रात्रभर थांब म्हटलं, राणी. सकाळी बघ कसं बरं वाटेल.”

छापखानेवाल्यांना पुष्कळ बोलायचं होतं. सकाळी बुटकीने हात जोडले तेव्हा तिला सोडवायला हवं होतं, तो गुन्हा तुझा नाही, ज्यांनी दिवसभर ठोके मोजले त्यांचा आहे, असं सांगायचं होतं. ते खरंही होतं. पण हे सगळं त्यांनी माइकवर इतक्यांदा म्हटलं होतं की या खोलीत, या बाईशी बोलायला त्यातला एकही शब्द शिल्लक उरला नव्हता. ते भिंतीशी गेले आणि शिडी उचलली.

“शिडी कशाला?”

“समोरचा उतरवतो.”

“नको.”

“अगं, रोज तुझ्या डोळ्यांसमोर...”

“उतरवलात तर सगळे विचारतील, का उतरवला. काय सांगणार आहात?”

ते शिडी धरून उभे राहिले. रस्त्यावरून राखवाल्यांची गाडी कर्णा लावून गेली, पाठोपाठ बदलवाल्यांची. दोन्ही कर्ण्यांचा आवाज एकमेकांत मिसळला आणि शब्द काही लागले नाहीत.

“रविवारी मी जात नाही,” ते म्हणाले. रविवारी शेवटची मोठी सभा होती.

“जा. न गेलात तरी विचारतीलच.”

ते गेले. मैदान तुडुंब भरलं होतं. वकीलबाईंनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं, माइक त्यांच्या उंचीला आणला. सगळीकडे बुटकीचा चेहरा, खांद्यापर्यंतच. त्यांनी ओळ म्हटली. हजारो माणसं म्हणाली, “कायद्याने!” दरवेळी ते एवढं ऐकून खाली उतरत. आज ते उतरले नाहीत, त्यांनी पुन्हा विचारलं. लोक जास्तच पेटले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, चौथ्यांदा विचारलं. लोकांना वाटलं म्हाताऱ्याच्या अंगात बळ संचारलंय. त्यांना मात्र एवढंच वाटत होतं की हा आवाज आणखी चढावा, इतका चढावा की नदी ओलांडून, बाजार ओलांडून घरापर्यंत पोचावा आणि बायकोला तो खरा वाटावा. शेवटी वकीलबाईंनीच हलकेच माइक काढून घेतला.

घरी आले तेव्हा बायकोने पान मांडून ठेवलं होतं. हात धुऊन ते बसले.

“ऐकू आलं का गं इथवर?”

“नाही. वारा उलटा होता.” तिने भाजी वाढली. “काय म्हणाले लोक?”

“कायद्याने म्हणाले.”

“आणि तुम्ही?”

छापखानेवाल्यांनी घास मोडला आणि तो हातातच राहिला.

“मी नुसतं विचारतो,” ते म्हणाले.

तिने मान हलवली आणि भात आणायला ती आत गेली.