पेलाबाबांचं सफरचंद

बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर रुंद पानांचं एक रोप, त्याच्या मधोमध लालभडक फूल, आणि त्यामागे पेलाबाबा. रोपाच्या पानांच्या मध्ये पेल्यासारखा खळगा होतो, त्यात साठलेलं पाणी चमच्याने वाटतात, म्हणून हे नाव.

"दुखणं पाण्यात, पाणी पानात, पान फुलात, फूल मातीत!" बाबा गरजले. "रोप तुमच्या नावाने फुलेल, तुमचं दुखणं पिऊन मरेल. मग डॉक्टर कशाला? गोळ्या कशाला?"

मागे भिंतीला टेकलेल्या चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला. दिवसभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढायचे आणि उरलेला जीव गच्चीतल्या ब्रोमेलियाडवर टाकायचा, असा हा माणूस. अननसाच्या कुळातली ही शोभेची झाडं त्याने फळ्याच्या फळ्या भरून जमवली होती. बाबांचं रोप त्याने दारातूनच ओळखलं. पण तो आला होता थोरल्या बहिणीला न्यायला, आणि ताई पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती.

ताईला लहानपणापासून फिट यायची. रोजच्या गोळीने ते दुखणं कित्येक वर्षं दबलं होतं. बाबांकडून आणलेलं रोप घरी फुललं, त्याच दिवशी तिने गोळ्यांची डबी कपाटात सारली. आता ते रोप वाळायला लागलं होतं आणि ताई खुशीत होती.

"अगं ताई, ही झाडं एकदा फुलली की वाळतातच. बुडाशी पिल्लं सोडतात आणि जातात. सगळीच!"

"मग तुझी कुठे फुललीत?"

"फुलतील सवडीने. बाबांनी रोप देताना काय करायला सांगितलं होतं?"

"पिशवीत घालायचं, शेजारी पिकलेलं सफरचंद ठेवायचं, पिशवीचं तोंड आठवडाभर बांधून ठेवायचं. सफरचंद आपलं दुखणं ओढून रोपाला देतं."

चष्मेवाल्याला हसू आलं. "पिकल्या सफरचंदातून एक वायू सुटतो गं. वाढलेलं रोप त्यानेच फुलावर येतं. आम्ही हौशी लोकसुद्धा हेच करतो!"

"तुम्ही हौशी. ते सिद्ध," ताई म्हणाली आणि विषय संपला.

मग त्याने पुरावाच द्यायचं ठरवलं. ताईच्या डोळ्यांदेखत एकाच वयाची दोन रोपं दोन पिशव्यांत बांधली. सफरचंद एकीतच ठेवलं. मंत्र नाही, तंत्र नाही. आठवड्याने पिशव्या सोडल्या आणि तो वाट बघत बसला. फूल यायला महिने लागतात, आणि ताईचं डोकं तेवढं थांबणार नव्हतं.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली. ओट्याची कड लागून कपाळाला टाके पडले. डॉक्टर रागावले, ताईने मान डोलावली, आणि घरी येऊन म्हणाली, "दुखणं मुळासकट निघताना झटका बसतोच. बाबांनी आधीच सांगितलं होतं."

गोळी कुटून चहात घालावी, इथवर त्याची मजल गेली. पण घरात चहा ताईच करायची. तो रात्री तिच्या खोलीबाहेर कान देऊन बसे. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

अखेर सफरचंदाचं रोप फुललं. दुसरं हिरवंगार राहिलं. चष्मेवाल्याने शेजारपाजार गोळा केला, वायू समजावला, दोन्ही कुंड्या पुढे ठेवल्या.

"म्हणजे तुमच्याही हाताला गुण आहे!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"हात कसला, काकू? सफरचंद! बिनसफरचंदाचं फुललं नाही, बघा ना."

"त्याला तुम्ही फुलू दिलं नाहीत."

पालथ्या घड्यावर पाणी! संध्याकाळपर्यंत त्याच्या जिन्यात सफरचंदं घेतलेली माणसं उभी होती. एक आजोबा विचारत होते, "माझ्या शुगरच्या गोळ्या आजपासून बंद करू ना?"

"नका हो करू!" तो ओरडला. आजोबांना तो नम्रपणा वाटला.

दार लावून तो वळला, तर ताई त्याच्यापुढे हात जोडून उभी. थोरली बहीण, धाकट्यापुढे! त्याला रडू कोसळलं. त्याने कपाटातून डबी काढली. "ताई, ही गोळी घे. पाया पडतो तुझ्या."

"रोप सांगतंय?"

त्याने तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं. नाही म्हणण्याची त्याची हिंमत झाली नाही.

"हो," तो म्हणाला.

ताईने लगेच गोळी गिळली, वर पाणी घेतलं आणि भक्तिभावाने विचारलं, "आणि उद्या? उद्याचं काय सांगितलंय रोपाने?"

वाचणाऱ्यांनो, रोप सफरचंदाने फुलतं, फुललं की वाळतं, आणि कुणाचंही दुखणं पीत नाही. तुमच्या घरात कुणी गोळ्या बाजूला सारत असेल, तर पहिल्याच दिवशी विचारा: हे घडलं कसं, आणि बरे झाले ते किती जण? लाजू नका, भांडण झालं तरी विचारा. उशीर झाला की खऱ्या औषधालाही खोट्याचा हात धरून घरात यावं लागतं.