ती गाय विश्रांती घेत नव्हती

चित्रांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे वेंडल होव्हलंड छाती पुढे काढून सांगत असे. विस्कॉन्सिनच्या गोठ्यागोठ्यांतून चाळीस वर्षं गुरांची डॉक्टरकी केलेला माणूस तो. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, "आता माझी पाळी," आणि नदीकाठच्या गावांतली छोटी कलासंग्रहालयं बघायला तिने गाडी काढली. तेव्हा तो मुकाट्याने शेजारी बसला खरा, पण दोन दिवसांत तीन संग्रहालयं झाली आणि या पठ्ठ्याने बघितली काय, तर बाकं!

"कालचं बाक झकास होतं," अंड्याचं सँडविच चावत तो म्हणाला. "पाठीला टेकू होता."

"आणि समोर काय होतं?" आर्डिसने विचारलं.

"भिंत."

भिंतीवर दहा फुटी निसर्गचित्र होतं. आर्डिसने गाडी जरा जोरात वळवली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना तिने वर्गातली वांड पोरं सुतासारखी सरळ केली होती. हा एकच विद्यार्थी हाती लागत नव्हता.

चौथं संग्रहालय म्हणजे जुन्या वाचनालयाचा वरचा मजला. लेनोरा नावाच्या साठीच्या बाई तिथलं सगळं बघायच्या. तिकीट देणाऱ्या त्याच, माहिती सांगणाऱ्या त्याच आणि दिवे लावणाऱ्याही त्याच. आर्डिस एका कोपऱ्यातल्या मातीच्या भांड्यांत रमली. थोड्या वेळाने सवयीने तिने बाकाकडे बघितलं, तर बाक रिकामं!

वेंडल एका चित्रासमोर उभा होता. नाक कॅनव्हासला टेकायचंच बाकी.

"साहेब, जरा मागे," लेनोरा लगबगीने आल्या.

"हिला मदत हवी आहे," वेंडल म्हणाला.

"कोणाला?"

"या गाईला."

आर्डिसला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. चित्रात अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली एक तपकिरी गाय बसली होती. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, 'दुपारची विश्रांती, १९११'.

"वेंडल, ती आराम करते आहे रे," आर्डिस दबक्या आवाजात म्हणाली.

"आराम कसला डोंबलाचा! मान बघ, कशी नागमोडी वळली आहे. तोंड कुशीत खुपसलंय. नाक कोरडं ठाक. आणि मागे ते वासरू, फार तर दोन दिवसांचं. हा दुग्धज्वर आहे. नाव ज्वर, पण अंग बर्फासारखं गार पडतं. अंगातला सगळा चुना, म्हणजे कॅल्शियम, दुधात उतरतो आणि गाईच्या अंगात उठायचंही बळ राहत नाही. शिरेतून कॅल्शियमची एक बाटली दिली की अर्ध्या तासात उभी राहते. माझ्या हाताखाली शेकड्यांनी उठल्यात." बोलता बोलता तो थांबला. "पण १९११ साली ती बाटली कुठली? गेली असणार बिचारी."

हॉलमधली दोन-चार माणसं जवळ येऊन उभी राहिली होती. कोणी हसलं नाही. वेंडलचा आवाज इतका हळवा आर्डिसने क्वचितच ऐकला होता. तिला राहवलं नाही. गाय सोडून ती चित्राच्या कडा बघू लागली. डाव्या कडेला गोठ्यातून एक माणूस घाईघाईने येत होता, हातात काळी दांडी.

"हे काय आहे हो याच्या हातात?" तिने लेनोरांना विचारलं.

"छत्री. शाळेची मुलं येतात, त्यांना आम्ही तसंच सांगतो."

"भर उन्हात छत्री? आणि छत्रीला ही नळी कशी लोंबते? वेंडल, हा सायकलचा पंप दिसतो."

वेंडलने चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि एकदम टाळी वाजवली. "अगं, पंपच! त्या काळी आचळांतून हवा भरायचे. कास टम्म फुगली की दूध उतरायचं थांबतं, चुना अंगातच राहतो. ऐकायला अघोरी, पण दहांतल्या सात-आठ गाई वाचायच्या. आर्डिस, तो तिला वाचवायला निघालाय!"

"म्हणजे शंभर वर्षं आम्ही..." लेनोरा तिथल्याच बाकावर मटकन बसल्या. मग उठून वही घेऊन आल्या. "पुन्हा सांगा. सावकाश."

त्या सावकाशीत पाचव्या संग्रहालयाची वेळ टळून गेली. दोघं नदीकाठी तळलेला मासा खायला बसले. चाळीस वर्षं हा माणूस दारात बूट काढून घरात आला आणि आपण त्याला फक्त "हात धू" म्हणालो, असं आर्डिसला वाटून गेलं.

"पहिली गाय कोणाची उठवलीस रे?" तिने विचारलं.

मासा गार होईपर्यंत तो बोलत राहिला.

ऑक्टोबरमध्ये लेनोरांचं पाकीट आलं. आत नव्या पाटीचा फोटो होता. नाव चित्रकाराने दिलेलंच ठेवलं होतं, खाली चार ओळी जास्तीच्या. शेवटी लिहिलं होतं, 'पंप ओळखला आर्डिस होव्हलंड यांनी, आजार डॉ. वेंडल होव्हलंड यांनी.'

वेंडलने ते दोनदा वाचलं. "तुझं नाव आधी का?"

"पंप माझा होता."

"पण आजारी कोण, पंप की गाय?"

"दुसरं पत्र लिही त्यांना," आर्डिस म्हणाली आणि पाटीचा फोटो तिने फ्रिजच्या दारावर लावून टाकला.