दुप्पट वजनाचं बाळपण

मी मॉस्कोतल्या एका संशोधन संस्थेतली पांढरी उंदरीण. आता म्हातारी झाले आहे, तेव्हा सांगून टाकते.

माझा जन्म फिरत्या चक्रावर झाला. मोठ्या खोलीत एक लोखंडी दांडा गरगर फिरायचा आणि त्याच्या टोकाला आमचा पिंजरा टांगलेला असायचा. त्या वेगामुळे आतल्या प्रत्येक जिवाचं वजन दुप्पट व्हायचं. आई पोटुशी असतानाच तिला तिथे ठेवलं होतं. पृथ्वीची ओढ बदलली तर पिल्लाचा मेंदू कसा घडतो, ते माणसांना पाहायचं होतं. उद्या त्यांची मुलं दुसऱ्या एखाद्या ग्रहावर जन्मली तर काय, ही त्यांची काळजी.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसरं जग मला ठाऊकच नव्हतं. दुधासाठी आईपर्यंत सरकताना दम लागायचा. घरट्याबाहेर घरंगळलेल्या पिल्लांना आत आणणं आईला झेपेना. माझी काही भावंडं तशीच गेली.

डोळे उघडल्यावर काही दिवसांनी चक्र थांबवलं. बाहेर काढून एका पेटीत ठेवलं, तर मी इतकी हलकी झाले, की पाऊल टाकायला गेले ते थेट पेटीच्या भिंतीवर जाऊन आपटले. मान सारखी डुलायची.

तिथे दोघीजणी काम करत. लारिसा गेर्मानोव्ना विभागप्रमुख आणि त्यांच्या हाताखाली तरुण अन्फीसा. अन्फीसानं मला कोमट पाण्यावर उताणं धरलं आणि सोडलं. साधी पिल्लं हवेतच वळतात आणि पायांवर पडतात. मी पाठीवर पडले. पुन्हा सोडलं, पुन्हा पाठीवर.

"दगड आहे नुसता," लारिसा गेर्मानोव्ना म्हणाल्या. "मेंदू बिघडलाय. सगळ्यांचे मेंदू काढून काप करायला घे."

"बिघडलाय की नुसता मागे पडलाय, ते आत्ताच कसं कळणार? एकीला तरी राहू द्या."

"तुझा जीव जडलाय, फीसा. तुला म्हटलं होतं मी, घरी मांजर पाळ."

"जडलाय. पण माझा प्रश्न चुकीचा आहे का, ते सांगा."

लारिसा गेर्मानोव्ना चहात मुरंबा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "एकच."

भावंडांना नेलं. मी उरले त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. अन्फीसाच्या हाताला मी आधी लागले, इतकंच.

त्यानंतर रोज सकाळी पाणी. आधी मी अर्धी वळू लागले, मग कुशीवर पडू लागले. एके दिवशी चारही पाय बरोबर खाली आले. अन्फीसानं मला आपल्या डब्यातली लापशी चारली आणि लारिसा गेर्मानोव्नांना बोलावून आणलं. "बघा, सावरली ती."

त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "आता दिवा घालव."

काळोखात मला सोडलं. पाणी लागलं, पण वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. जिवाच्या आकांतानं मी पोहत राहिले, ते तळाकडेच. नाकात पाणी गेलं. तेवढ्यात एका हातानं मला उचललं.

दिवा लागला. हात लारिसा गेर्मानोव्नांचा होता. त्यांचं मनगटी घड्याळ भिजून बंद पडलं होतं.

"शरीराचा तोल राखणारा भाग कानाच्या आत असतो," त्या म्हणाल्या. "तो तिच्यात नीट घडलाच नाही. ती डोळ्यांनी सावरते."

अन्फीसा मला टॉवेलनं पुसत होती. "म्हणजे बिघडलीच म्हणायची."

"तसंही नाही. तिच्या मेंदूनं दुसरी वाट काढली. दोन्ही लिही. नुसतं बिघडली लिहिलंस तर खोटं, आणि नुसतं सावरली लिहिलंस तरी खोटंच."

पुन्हा मला कुणी पाण्यात सोडलं नाही. माझा पिंजरा खिडकीपाशी आहे. बाहेर बर्फ पडतो. लवकरच माझ्याही मेंदूचे काप होतील आणि ती वाट कुठून गेली, ते शोधतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यासाठीच मला ठेवलं होतं. माझं मागणं एवढंच आहे, मला झोपेचं औषध द्याल तेव्हा माझे डोळे मिटेपर्यंत दिवा चालू ठेवा.