दोन वाजताचा श्रोता

तीन महिने फोन न उचलणारा प्रतीक त्या दुपारी न सांगता भोपाळमधल्या तिच्या सोनागिरीच्या घरी आला, तेव्हा मानसीने आधी त्याचे डोळे पाहिले, मग हात. आई झाल्यापासून तिला अशी माणसं तपासायची सवयच लागली होती.

प्रतीक तिचा धाकटा दीर. नेहरू नगरच्या एका खोलीत एकट्याने राहून त्याने रॉक अल्बम केला होता, ‘पानी तले घर’. त्याच नावाचं गाणं सगळ्यात आधी येई : तळ्याच्या तळाशी घर, आत एक माणूस, दाराशी येतात ते फक्त मासे. मानसीच्या नवऱ्याने, हर्षलने ते अर्धंच ऐकलं होतं. भूक लागली की सुधारेल, म्हणाला होता.

पाणी पिता पिता प्रतीक सांगत होता. गिटार विकायला काढली होती, सगळंच आवरून टाकायचं ठरलं होतं. सगळं म्हणजे काय, हे विचारायचं मानसीला धाडस झालं नाही. पण अल्बम टाकलेल्या ॲपवर आत्ता किती जण ऐकताहेत ते त्याला दिसतं, आणि रोज दुपारी दोनच्या सुमारास तिथे एकचा आकडा उमटतो. भोपाळमधलंच कुणीतरी. तेच गाणं, तीन-तीनदा.

“वहिनी, इतकं उदास गाणं रोज कोण ऐकत असेल? बरा असेल ना तो?”

मानसीने लेकीकडे पाहिलं. आठ महिन्यांची जुई अंगाईने झोपत नसे, थोपटून झोपत नसे. झोपायची ती या गाण्यानेच. सांगितलं तर त्याचा एकुलता एक श्रोता जाणार होता.

दोन वाजले. प्रतीकच्या मांडीवरच्या फोनमध्ये शून्य. जुई डोळे चोळत किरकिरू लागली. मानसी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत राहिली. हिरव्या पडद्यातून गाळून आलेलं ऊन फरशीवर डुलत होतं, जणू घरावर पाणी चढत होतं आणि तिघंही त्यात हळूहळू तरंगत होती.

सव्वादोनला जुईने टाहो फोडला.

“गेला वाटतं,” प्रतीक म्हणाला. इतक्या शांतपणे, की मानसीला राहवेना. तिने फडताळावरचा आपला फोन उचलला आणि गाणं लावलं.

खर्जातली गिटार खोलीभर पसरली. जुईचं रडणं विरघळलं. प्रतीकच्या फोनवर एक उमटला. तो आकड्याकडे पाहत राहिला, मग बाळाकडे.

“म्हणजे हिला झोपवायला,” तो कोरडं हसला.

“जुई पहिल्या कडव्यालाच झोपते, भाऊजी. पुढचं मी ऐकते.” मानसीने जुईचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. “तीनदा.”

“दादाला माहितीये?”

तिने मान हलवली. नाही.

गाणं संपलं. मग प्रतीक उठला. जुईला अलगद आपल्या खांद्यावर घेत म्हणाला, “तुम्ही पडा जरा. दादा येईपर्यंत मी आहे.”